पॅड नवे, तरी तेच चाक पुन्हा गरम: जुन्या गाडीतला चिकटणारा कॅलिपर

पुढचे ब्रेक पॅड बदलले, आठवडाभर गाडी छान चालली आणि मग पुन्हा तेच सुरू झालं. एका चाकाला जळका वास, रिम हात लाववत नाही इतकी गरम, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते, ॲव्हरेज पडलेलं. सहा-आठ महिन्यांत त्याच चाकाचा पॅड पत्र्यापर्यंत घासलेला, की पुन्हा नवी जोडी. झेन, एस्टीम, जुनी वॅगन आर, सँट्रो अशा पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाड्यांची दहा-पंधरा वर्षं उलटली की ही तक्रार येतेच. गाडी कोकणात किंवा खाडीकाठी उभी राहत असेल तर त्याच्याही आधी. यात पॅडचा दोष क्वचितच असतो. डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडचा चिमटा लावणारा भाग म्हणजे कॅलिपर, आणि पॅड दाबतो तो त्यातला पिस्टन. बहुतेक वेळा पॅड बदलताना हा पिस्टन ज्या अवस्थेत मागे ढकलला जातो, तिथूनच पुढचा बिघाड सुरू होतो.

पिस्टन मागे येतो कसा

कॅलिपरच्या आत पिस्टनला परत खेचणारी स्प्रिंग नसते. सिलिंडरच्या भिंतीत एक खाच असते आणि त्या खाचेत चौकोनी छेदाचं रबरी सील बसलेलं असतं. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे जाताना सीलची आतली कड त्याच्याबरोबर किंचित पिळवटते. पाय काढला की रबर मूळ आकारात येतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशाइतकं मागे घेतं. डिस्क मोकळी फिरायला एवढी जागा पुरते. पॅड झिजत जातात तसा पिस्टन सीलमधून थोडाथोडा पुढे घसरतो आणि तिथेच नवा मुक्काम करतो.

आता हिशेब करा. या गाड्यांत पिस्टन एकच, आतल्या बाजूला असतो; बाहेरचा पॅड दाबायला सगळा कॅलिपरच दोन पिनांवर आत सरकतो. आतला आणि बाहेरचा पॅड प्रत्येकी ७ मिमी झिजला, तर पिस्टन १४ मिमी बाहेर आलेला असतो. या बाहेर आलेल्या भागावर फक्त एका पातळ रबरी बुटाचं पांघरूण असतं. बूट फाटला किंवा त्याची कड खाचेतून निसटली की पावसाचं पाणी, चिखल आणि पॅडची धूळ आत साचते आणि पिस्टनच्या अंगावर गंजाचा पट्टा धरतो. तोवर गाडीला काही होत नाही, कारण तो पट्टा सीलच्या बाहेर असतो. नवे जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे दाबला की हाच गंजका पट्टा सीलखाली जाऊन बसतो. पेडलचा दाब मोठा असल्यानं पिस्टन पुढे जातो, पण रबराची ओढ लहान असल्यानं मागे येत नाही. म्हणून जुन्या पॅडवर ठीक चालणारी गाडी नव्या पॅडवर बिघडते.

पॅड फेकू नका, आधी वाचा

काढलेले चारही पॅड डावे-उजवे, आतले-बाहेरचे अशी खूण करून ओळीत ठेवा आणि मसाल्याची, म्हणजे पत्र्यावरच्या घासल्या जाणाऱ्या थराची, जाडी मोजा. नव्या पॅडचा मसाला साधारण ९ ते ११ मिमी असतो आणि ३ मिमी उरला की पॅड बदलायचे असतात. कुठला पॅड किती आणि कसा झिजला, यातच निम्मं निदान होतं.

आतला, म्हणजे पिस्टनकडचा, जास्त झिजला असेल तर पिस्टन मागे येत नाही. बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर पिनांवर सरकून सैल होत नाही. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड, म्हणजे पाचरीसारखा झाला असेल तर दोन पिनांपैकी एक अडकली आहे. एका चाकाचे दोन्ही पॅड सारखेच, पण दुसऱ्या चाकापेक्षा बरेच जास्त झिजले असतील तर त्या चाकात तेलाचा दाब अडकून राहतोय का, ते बघायचं.

इथे एक चूक नेहमी होते. पॅड जाड राहिलेली बाजू चांगली समजून सोडून दिली जाते. कधीकधी त्या बाजूचा पिस्टनच गंजून बसलेला असतो, तिथे ब्रेक लागतच नाही आणि सगळा भार दुसऱ्या बाजूचं चाक उचलतं. ब्रेक मारताना गाडी डावीकडे ओढत असेल तर डावा ब्रेक जास्त लागतोय किंवा उजवा कमी लागतोय. दोन्ही बाजू उघडल्याशिवाय निकाल देऊ नका.

चाक गरम असतानाच तपासा

गाडी रात्रभर उभी राहिली की पुष्कळदा ब्रेक आपोआप सुटतो आणि सकाळी उचललेलं चाक मोकळं फिरतं. म्हणून आठ-दहा किलोमीटर चालवून, चाक चिकटलेलं असतानाच जॅक लावा. डिस्कला किंवा रिमला हात लावू नका, जवळ धरूनच उष्णतेतला फरक कळतो. मागच्या चाकांना पुढून-मागून अडण लावा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि जॅकच्या जोडीला पक्का स्टँड द्या. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाक काढू नका.

अडकलेलं चाक हातानं फिरवत राहा आणि कॅलिपरच्या निपलला (ब्रेकमधलं तेल आणि हवा बाहेर सोडायच्या छोट्या पोकळ स्क्रूला) नळी लावून निपल अर्धा आटा सैल करा. थोडं तेल उडून चाक एकदम मोकळं झालं तर आत दाब अडकला होता: पिस्टन चांगला आहे, दोष होज पाइपमध्ये (कॅलिपरला तेल आणणाऱ्या रबरी नळीत) किंवा मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलच्या जोरानं तेल ढकलणाऱ्या पंपात) आहे. निपल सोडूनही चाक तसंच जाम राहिलं तर दोष यांत्रिक आहे, म्हणजे पिस्टन, पिना किंवा ब्रॅकेटमध्ये (पॅड ज्या चौकटीत बसतात तिच्यात) अडकलेले पॅड.

दाब अडकलेला निघाला तर निपल बंद करा, ब्रेक दाबून चाक पुन्हा चिकटवा आणि या वेळी लोखंडी पाइप रबरी होजला मिळतो तिथला जोड सैल करा. इथे चाक सुटलं तर मास्टर सिलिंडर तेल परत टाकीत जाऊ देत नाही. पेडलला मोकळी चाल उरली नसेल तर हे होतं आणि सहसा एकाहून जास्त चाकं धरतात. इथे सुटलं नाही, पण निपलवर सुटतं, तर होज आतून सुजलेला आहे. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या जुन्या होजचं आतलं अस्तर सुटून झडपेसारखं वागतं. पायाच्या जोरानं तेल पुढे जातं, परत येताना अडतं. असा होज दोन्ही बाजूंचा एकदमच बदला.

पिस्टन मागे घेताना

आदल्या रात्री निपलच्या आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जुनं निपल तुटलं तर सगळ्या कॅलिपरचंच काम निघतं, म्हणून साधा फिक्स पाना वापरू नका. सहा कोनी गोटी किंवा रिंग पाना लावा आणि आधी निपलच्या डोक्यावर हातोडीचे दोन-तीन हलके ठोके द्या.

खालची पिन सोडून कॅलिपर वर फिरवता येतो, पण जुन्या गाडीत दोन्ही पिना सोडून कॅलिपर पूर्ण बाहेर घ्या, कारण पिना साफ करायच्याच आहेत. कॅलिपर तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. होजवर लोंबकळू दिला तर होजच्या आतल्या अस्तराला चीर जाते.

ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून पातळी बघा. ४८ मिमी व्यासाचा पिस्टन १४ मिमी मागे गेला की सुमारे २५ मिली तेल परत येतं, दोन्ही बाजूंचं मिळून ५० मिली. मध्ये कुणी टाकी काठोकाठ भरली असेल तर ते तेल बॉनेटखालच्या रंगावर सांडणार आणि रंग सोलून काढणार. स्वच्छ सिरिंजनं आधीच तेवढं काढून घ्या. सांडलंच तर भरपूर पाणी ओता, नुसतं पुसून भागत नाही.

याहून चांगली पद्धत म्हणजे निपलला पारदर्शक नळी लावून ती बाटलीत सोडायची, निपल उघडायचं आणि मग पिस्टन दाबायचा. कॅलिपरमधलं काळं, गाळ धरलेलं तेल बाहेर पडतं, वर मास्टर सिलिंडरकडे जात नाही. एबीएस असलेल्या गाडीत हीच पद्धत वापरा. पिस्टन तळाला पोचताच, क्लॅम्प सोडण्याआधी, निपल बंद करा.

दाबण्याआधी बुटाची कड उचलून पिस्टनचा उघडा भाग टॉर्चनं बघा. हा अर्धा मिनिट सगळ्या कामात सर्वांत मोलाचा आहे. चकचकीत असेल तर ब्रेक ऑइलमध्ये भिजवलेल्या कापडानं पुसा आणि दाबा. तपकिरी पट्टा किंवा बोटाला लागणारे खड्डे असतील तर दाबूच नका, थेट सील किटच्या, म्हणजे नवं सील आणि बूट बसवण्याच्या, कामाला लागा.

जुना पॅड पिस्टनवर आडवा ठेवून त्यावर सी-क्लॅम्प लावा, म्हणजे जोर मधोमध पडतो. क्लॅम्प अर्धा-अर्धा आटा फिरवत जा. चांगला पिस्टन हाताच्या जोरावर, लोण्यात सुरी जावी तसा एका गतीनं आत जातो. क्लॅम्पच्या दांडीला पाइप घालून जोर लावावा लागत असेल, किंवा पिस्टन तिरका होऊन टकटक करत जात असेल, तर तो अडकतोय. निपल बंद असताना जड आणि उघडल्यावर हलका जात असेल तर पुन्हा होजकडे वळा. पॅड आणि डिस्कच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, डिस्कवर ओरखडे पडतात आणि पिस्टन वाकडा दाबला जातो.

काही जण पेडल दाबून पिस्टन ४-५ मिमी बाहेर आणतात, पुन्हा दाबतात आणि असं चार-पाचदा करून तो मोकळा करतात. धूळ अडकली असेल तर याचा उपयोग होतो. गंज असेल तर महिना-दोन महिनेच निभावतं आणि गाडी पुन्हा त्याच जागी येते. हे करायचंच असेल तर समोर लाकडाचा ठोकळा ठेवा, नाहीतर पिस्टन बाहेर उडेल आणि सगळं तेल जमिनीवर.

जुन्या ऑक्टेव्हियासारख्या मागेही डिस्क असलेल्या गाड्यांत मागचा पिस्टन नुसता दाबून जात नाही. हँडब्रेकची यंत्रणा त्याच कॅलिपरमध्ये असते आणि पिस्टन आतल्या स्क्रूवर बसलेला असतो. हँडब्रेक पूर्ण सोडून, पिस्टनच्या खाचांमध्ये बसणारं हत्यार लावून तो दाबत-दाबत फिरवावा लागतो. क्लॅम्पनं जबरदस्ती केली तर आतली यंत्रणाच मोडते.

पिना आणि ब्रॅकेट

पिस्टनइतकाच त्रास हे दोन भाग देतात आणि घाईत यांच्याकडेच दुर्लक्ष होतं. पिना बाहेर काढून जुनं, घट्ट झालेलं ग्रीस पूर्ण पुसा. पिनेवर गंजाचे खड्डे असतील तर पिन बदला. भोकाच्या आतही कापड फिरवा. काही गाड्यांत एका पिनेवर रबरी बुश असतो, दुसरीवर नसतो. वरची कुठली आणि खालची कुठली, हे काढतानाच लिहून ठेवा, अदलाबदल झाली की कॅलिपर पुन्हा अडतो.

ग्रीस सिलिकॉनचं किंवा ब्रेकसाठी बनवलेलं सिंथेटिकच हवं. दोन्ही बाजूंना मिळून पाच ग्रॅमचं पाकीट पुरतं. बेअरिंगचं किंवा चासीचं ग्रीस लावलं की त्यातल्या खनिज तेलानं रबर सुजतं आणि पिन घट्ट आवळली जाते. नेमकं हेच ग्रीस हाताशी असल्यानं हीच चूक सर्वाधिक होते. पातळ थर लावा. भोक ग्रीसनं भरून टाकलं तर आत हवा कोंडते आणि दाबलेली पिन परत उसळून बाहेर येते.

ब्रॅकेटवर पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात, तिथे स्टीलच्या पातळ क्लिपा असतात. क्लिपांखाली गंज फुगला की खाच अरुंद होते आणि पॅड पाचर मारल्यासारखा अडकतो. क्लिपा उपटून खाली तारेचा ब्रश आणि कानस फिरवा, धातू दिसेपर्यंत. नवीन क्लिपा पॅडबरोबर मिळत असतील तर त्याच लावा. नवा पॅड खाचेत बोटानं ढकलल्यावर सरकला पाहिजे, हातोडी लागता कामा नये. नव्या पॅडच्या कानांवर रंगाचा जाड थर असेल तर तेवढाच घासा.

धूळ हवेनं फुंकू नका. जुन्या किंवा निनावी पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनरनं ओलं करून पुसा.

सील किट बदलायचं ठरलं तर

किट पिस्टनच्या व्यासावर मिळतं. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत कॅलिपर वेगळे निघतात, म्हणून व्हर्नियरनं मोजूनच दुकानात जा. पिस्टन काढायला सर्वांत सोपा जोर गाडीच्या पेडलचाच. होज सोडण्याआधी, समोर १५-२० मिमी जाडीचा लाकडी ठोकळा ठेवून, हळूहळू पेडल दाबत पिस्टन जवळजवळ बाहेर आणा. कॉम्प्रेसरची हवा वापरणार असाल तर अगदी कमी दाबानं. पिस्टन गोळीसारखा सुटतो, समोर बोटं कधीच नकोत.

जुनं सील लाकडी किंवा प्लास्टिकच्या टोकदार काडीनं काढा. आणि मग ती खाच नीट बघा. बहुतेक कॅलिपर पुन्हा बिघडतात ते इथल्या कामचुकारपणामुळे. खाचेच्या तळाशी पांढरट किंवा तपकिरी कठीण थर जमतो, तो सीलला मागून दाबतो आणि नवं सीलही पिस्टनला आवळून धरतं. खाचेचा कोपरा स्वच्छ, काटकोनी दिसेपर्यंत थर खरवडा, पण धातूला चीर जाऊ देऊ नका. सिलिंडरच्या भिंतीवरचे बारीक डाग चालतात, कारण सील पिस्टनच्या अंगावर बसतं. पिस्टनवरचे खड्डे मात्र चालत नाहीत. वरवरचा डाग हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं, ब्रेक ऑइल लावून, गोल-गोल घासून जातो. नखाला लागणारा खड्डा असेल तर नवा पिस्टन.

डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांपैकी कशातही हे भाग धुऊ नका. ब्रेकच्या रबराला खनिज तेल अजिबात चालत नाही. मागच्या खेपेला कॅलिपर रॉकेलमध्ये धुतला होता, हेच पुष्कळदा पुन्हा चिकटण्याचं खरं कारण असतं. ब्रेक क्लीनर किंवा स्पिरिट वापरा, सुकू द्या, मग सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून खाचेत बोटानं बसवा, पीळ नको. बूट बसवून पिस्टन सरळ धरा आणि हातानं दाबा. हातानं गेला नाही तर काहीतरी तिरकं आहे, पुन्हा काढा. होजचा बोल्ट सोडला असेल तर त्याचे दोन्ही तांब्याचे वॉशर नवे टाका.

जोडणी आणि हवा काढणं

ज्या पॅडवर (मसाला संपत आल्यावर) किरकिर करणारी पट्टी आहे तो त्याच्या ठरलेल्या जागी, सहसा आत. पॅडच्या पाठीवर, पिस्टन टेकतो तिथे, पुसटसं ग्रीस. मसाल्याला ग्रीस लागलं तर तो पॅड वापरू नका. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या गोलावर किमान जाडी कोरलेली असते, मोजून बघा आणि कमी असेल तर दोन्ही डिस्क बदला. कॅलिपरच्या पिनेचे बोल्ट लहान असतात, अशा गाड्यांत साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातून घ्या. मारुतीच्या चाकाचे नट ८५ न्यूटन-मीटर, तिरक्या क्रमानं.

तेल टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच, डॉट ३ किंवा डॉट ४, नव्या सीलबंद बाटलीतून. हे तेल हवेतली ओल शोषतं. कोरड्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, ओल धरलेल्याचा १५५ पर्यंत उतरतो. चिकटलेला ब्रेक घेऊन ताम्हिणी किंवा आंबा घाट उतरताना पेडल तळाला जातं ते याच कारणानं, म्हणून दर दोन वर्षांनी सगळं तेल बदला. फक्त पुढच्या दोन चाकांची हवा काढायला पाव लिटर पुरतं, पूर्ण बदलायला एक लिटर आणा.

हवा काढताना दुसऱ्या माणसानं पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल उघडून बंद करायचं आणि मगच त्यानं पाय उचलायचा. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नका. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नका, खाली लाकडाचा तुकडा ठेवा. मास्टर सिलिंडरचा रोज न वापरला जाणारा शेवटचा भाग गंजलेला असतो आणि तिथे गेलेल्या सीलचे ओठ फाटतात. मग कॅलिपर नीट झाला आणि पेडल बसायला लागलं, अशी नवीच तक्रार येते.

गाडी खाली उतरवल्यावर, इंजिन सुरू करून गिअर टाकण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे असताना पहिले दोन-तीन दाब रिकामेच जातात आणि फाटकापाशी ब्रेक न लागता गाडी भिंतीला लागते ती इथेच. मग मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत वेग आठ-दहा वेळा उतरवा, पूर्ण थांबू नका, शेवटी दहा मिनिटं ब्रेक न दाबता चालवून डिस्क थंड करा. डिस्क गरम असताना ब्रेक दाबून उभं राहिलं की पॅडचा ठसा उमटतो आणि पुढे पेडल थरथरतं.

घरी येताच दोन्ही पुढच्या चाकांची उष्णता तुलना करा. २०० किमीनंतर पुन्हा तीच तुलना करा, टाकीची पातळी बघा आणि निपल व बुटाभोवती ओल आहे का ते टॉर्चनं बघा. बुटाच्या कडेला तेलाचा थेंब दिसला तर सील पिस्टनवर नीट बसलेलं नाही, त्या चाकाचं काम पुन्हा उघडायचं.